लोकरीची प्रेसिंग मॅट: तुकडे जोडून क्विल्ट करणाऱ्यांनी घ्यावी का?

माझं मत आधीच सांगते. मशीनवर तुकडे जोडून क्विल्ट करत असाल आणि शिवणीची माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडलेली कापडाची कड, एका बाजूला वळवत असाल, तर इस्त्री करताना तुकड्यांखाली घ्यायची ही लोकरीची मॅट बेलाशक घ्या. माया उघडून दोन्ही अंगांना बसवायची सवय असेल, तर हिच्यावर पैसे घालू नका. तेवढ्या पैशात एक चांगली फळी, तिला मांजरपाटाचं अभ्रं आणि सुताराकडून एक लाकडी ठोकळा असं सगळं होईल आणि वर पैसे उरतील. माझं दोन्ही प्रकारचं काम चालतं, म्हणून माझ्या टेबलावर दोन्ही आहेत. वापर मात्र मॅटचाच जास्त होतो.

मी घेतलेली मॅट 14 इंच बाय 14 इंचाची, अर्धा इंच जाडीची, राखाडी. विणलेली नाही, लोकर दाबून, घोटून एकजीव केलेला तो एक ठोकळाच आहे. ऑनलाइन मागवली, साधारण अडीच हजारांना पडली. जाहिरातीत शंभर टक्के लोकर असं लिहिलेलं असतं, पण सगळ्याच मॅटमध्ये ती तशी असते असं नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने स्वस्तातली मॅट आणली होती, तिच्यावर इस्त्री टेकवली की तिथे चकचकीत टिकली उमटायची. त्यात कृत्रिम धागा मिसळलेला होता. पारख करायला सोपी आहे. कोपऱ्यातून चार केस उपटा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की ती आपोआप विझते आणि उरलेली राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो, त्याचा टणक मणी होतो. माझी मॅट या परीक्षेत उतरली.

आता मायेसाठी एवढा खटाटोप का, ते सांगते. कपड्यांच्या शिवणकामात अर्धा इंच, इंचभर माया सोडतात, नंतर अंगाला बेताने ढिलं-घट्ट करता येतं. क्विल्टच्या तुकड्यांना माया फक्त पाव इंच, म्हणजे दोन सूत. तिथे फरक पडला की तो लपत नाही, साठत जातो. समजा नऊ तुकड्यांचा ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एक चौकोन, आहे, प्रत्येक तुकडा अडीच इंचाचा. सगळं नीट बसलं तर ब्लॉक साडेसहा इंचाचा येतो आणि शेजारच्याला जोडल्यावर सहा इंच दिसतो. असे आठ ब्लॉक एका ओळीत लावले तर ओळीत शिवणी किती? प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन म्हणजे सोळा, आणि ब्लॉक एकमेकांना जोडणाऱ्या सात. एकूण तेवीस. प्रत्येक शिवणीत नुसता अर्धा सूत गेला, तरी साडेअकरा सूत गेले. 48 इंचांची ओळ साडेसेहेचाळीस इंचांवर येते. शेजारची ओळ वेगळ्या नमुन्याची असेल, तिच्यात शिवणी कमी असतील, तर ती 48 च्या जवळ भरणार. मग एक ओळ ओढायची आणि दुसरी चुण्या घालून बसवायची, आणि अंथरल्यावर क्विल्ट मधे फुगलेली, कडेला ताणलेली.

हा अर्धा सूत कुठे जातो? बऱ्याच जणी शिलाईला दोष देतात. शिलाई चुकतेही, नाही असं नाही. म्हणून पाव इंचाला एक-दोन दोरे कमीच ठेवून शिवायचं असतं, कारण कापड दोऱ्यावरून वळताना थोडी जागा खातंच. पण पुष्कळदा शिलाई बरोबर असते आणि चोरी होते ती इस्त्रीखाली. वरचा तुकडा पलटताना तो पूर्ण उघडत नाही, शिवणीला लागून केसाएवढी घडी राहते, आणि आपण तिच्यावरूनच इस्त्री दाबून ती कायमची करून टाकतो. सुलट बाजूने नखाचं टोक शिवणीवरून फिरवा. नख कुठे अडकलं, तर तिथे घडी आहे.

माझ्या मते ही मॅट इथेच पैसे वसूल करते. कडक फळीवर मायेची जाडी खालून वर ढकलते, त्यामुळे इस्त्रीचा तळ मायेवर टेकतो आणि नेमका शिवणीच्या बाजूला, जिथे दाब हवा असतो, तिथे अधांतरी राहतो. लोकरीत माया खाली रुतते. वरचं कापड शिवणीपर्यंत सपाट येतं आणि इस्त्रीचं टोक थेट शिवणीच्या ओळीत जातं. शिवाय लोकर उष्णता धरून ठेवते. इस्त्री उचलल्यावर दोन मिनिटांनी हात लावून बघा, मॅट गरमच असते. ब्लॉक वरून इस्त्रीने आणि खालून मॅटने असा दोन्ही बाजूंनी शेकला जातो. लोकरीचे केस सुती कापडाला धरूनही ठेवतात, म्हणून तुकडा घसरत नाही. उरेब, म्हणजे विणीला तिरक्या, कापलेल्या कडांना या धरून ठेवण्याचा मोठाच आधार आहे.

भिरभिऱ्याच्या ब्लॉकवर हे सगळं एकदम कळतं, म्हणून त्याचंच सांगते. अलीकडे निळीच्या छापाचं आणि पांढऱ्या केंब्रिकचं एक सिंगल बेडचं काम केलं, पूर्ण भिरभिऱ्यांचं. केंब्रिक इचलकरंजीचं, आधी धुऊन आटवून घेतलेलं. निळीचं कापड दोनदा धुतलं, कारण ओलसर वाफ लागली की निळीचा सुटा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरू शकतो.

चार इंचाचे दोन चौकोन, एक निळा एक पांढरा, सुलटाला सुलट लावून ठेवायचे. मागे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिलाई, मग रेघेवर कापायचं. दोन चौकोन मिळतात, प्रत्येकात अर्धा निळा त्रिकोण आणि अर्धा पांढरा. उघडायच्या आधी शिवण आहे तशी, मिटलेली, मॅटवर ठेवून वरून इस्त्री टेकवायची. हे बहुतेक जणी गाळतात. ही इस्त्री दोरा कापडात बसवते, शिलाईच्या ओढीने आलेली बारीक सुरकुती काढते. मग गडद बाजू वर ठेवायची, निळा त्रिकोण हाताने पलटायचा, बोटाने शिवणीवरून दाब द्यायचा, आणि इस्त्री पांढऱ्या बाजूने आणून शिवणीवर टेकवायची. फिरवायची नाही. टेकवा, दाबा, उचला, पुढे ठेवा. कपड्यांना करतो तशी इस्त्री फिरवली, तर ही शिवण तिरकी आहे, उरेब आहे, ती लांबते, आणि चौकोनाचा पतंग होतो. निळा वर ठेवून पलटला की माया आपोआप निळ्याकडे जाते, पांढऱ्याखाली गडद सावली दिसत नाही. कुठे माया पांढऱ्याकडे वळवावी लागली आणि निळ्याची माया पांढऱ्यापेक्षा एखादा दोरा जास्त राहिली असेल, तर तेवढी कातरून टाकायची, नाहीतर ती पांढऱ्याखालून डोकावते.

मग साडेतीन इंचाला छाटून चार चौकोन जोडायचे. सगळ्यांची माया गडदकडे असली की समोरासमोरच्या शिवणी विरुद्ध दिशांना वळलेल्या येतात आणि एकमेकींत खाचेत बसल्यासारख्या अडकतात. बोटांना कळतं, टाचणीसुद्धा लागत नाही. मधला बिंदू मात्र जाड होतो, कारण आठ टोकं एका ठिकाणी येतात. तिथे मी शेवटच्या लांब शिवणीच्या मायेतले, फक्त मायेतले, आधीच्या शिवणीचे दोन-तीन टाके उसवते. मग वरची माया एका दिशेला आणि खालची उलट दिशेला फिरवली की मागे मधोमध एक चिमुकलं भिरभिरं उमलतं आणि जाडी चारी अंगांना वाटली जाते. ब्लॉक सुलट करून तो मधला बिंदू मॅटवर ठेवला, इस्त्री टेकवली आणि पाचपर्यंत मोजलं. फळीवर हेच केलं असतं तर गडद निळ्यावर मायेच्या कडा चकाकून उमटल्या असत्या. मॅटवर एकही कड उमटली नाही. अंथरून हात फिरवला तरी मध्यबिंदू बोटाला जाणवत नाही.

आता जिथे मॅट कमी पडते ते. आठ पाकळ्यांच्या चांदणीत, किंवा इंचाहून लहान तुकड्यांच्या कामात, माया एका बाजूला घेऊन भागत नाही, फार जाड होतं. तिथे ती उघडावीच लागते. उघडी माया लोकरीत रुतून बसते, धारदार होत नाही, इस्त्री उचलली की परत मिटायला बघते. या कामाला कडक फळीच हवी. माझी फळी प्लायवूडची, वर सुती चादरीची एक घडी आणि घट्ट ताणलेला मांजरपाट. सोबत लाकडी ठोकळा. इस्त्री उचलल्या उचलल्या गरम शिवणीवर तो दाबून धरायचा, कापड थंड होईपर्यंत. लाकूड उष्णता आणि ओल शोषून घेतं आणि माया सपाट गार होते. ठोकळा बीचच्या लाकडाचा करून घेतला, दहा इंच लांब, कडा घासलेल्या, पॉलिश अजिबात नाही. सुतार सागाचा देतो म्हणाला, पण साग तेलकट, पांढऱ्या कापडावर मला तो नको होता. उघड्या मायेची शिवण थोडी आखूड टाक्याने, 2 मिलिमीटरने घालते, कारण तिथे सगळा ताण दोऱ्यावर येतो. आणि क्विल्ट करताना अशा शिवणीच्या खाचेतून टाका घालत नाही. खाली कापड नसतं, सुई दोऱ्यातच घुसते.

इस्त्रीबद्दल दोन शब्द, कारण मॅट चांगली आणि इस्त्री चुकीची असेल तर उपयोग नाही. मॅटवर मी कोरडी, जड, साध्या तळाची इस्त्री वापरते. वाफेने सुती कापड सैल होतं, उरेब कडा त्याहून जास्त. तुकडे जोडत असताना वाफ नकोच. ब्लॉक पूर्ण झाल्यावर, माप बरोबर आहे याची खात्री करून एकदा हलका पाण्याचा फवारा पुरे. वाफेच्या इस्त्रीत बोअरचं पाणी घातलं तर क्षार साचतात आणि पांढऱ्यावर तपकिरी ठिपके पडतात, ते वेगळंच. तापमान सुती कापडाला तीन ठिपक्यांचं, म्हणजे साधारण 200 अंशांचं. पण तुकड्यांत खण असेल तर आधी कड तपासा. आजकाल बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो, तीन ठिपक्यांवर तो आकसतो. खण सैल विणीचा असतो, दोरे सुटतात, म्हणून त्याला मी पाव इंचाऐवजी तीन सूत माया ठेवते, मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावते, आणि एका ठिपक्याने, वर मलमल ठेवून दाबते. मॅट गरम झालेली असली तर इस्त्री बेतानेच. खालची उष्णता धरूनच हिशोब करायचा. हे विसरलं तर खण खालूनही भाजतो.

घरात घोंगडी आहे, मग मॅट कशाला, असं कोल्हापुरात कुणीही विचारेल. मी स्वतः करून पाहिलं. घोंगडीची चौपदरी घडी, वर मांजरपाट. उष्णता धरते, माया रुततेही. पण घोंगडी विणलेली असते, तिची जाडसर वीण मऊ पांढऱ्या कापडावर उमटते. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, ओल लागली की ती सुटू लागते. काळे केस मांजरपाटातून वर येतात ते वेगळे. मोठी चादर किंवा अस्तर इस्त्री करायला घोंगडी उत्तम, ब्लॉकसाठी नाही.

हाताने गोधडी शिवणाऱ्यांना मात्र या मॅटची काही गरज नाही. आपल्या गोधडीत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकत्र येतात, माप जुळवायचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी करतात, म्हणजे त्यांची गोधडी, ती पाहण्यासारखी आहे. तुकड्याची कड बोटानेच आत मुडपतात, अस्तरावर ठेवतात आणि कडेकडून सुरुवात करून गोल गोल आत येत धावदोरा घालतात. कोपऱ्यांत घडीचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. इस्त्री कुठेच नाही आणि काम पिढीभर टिकतं. त्या रीतीत शिलाई आणि घडी एकाच वेळी बसते; आपण तुकडे आधी जोडतो, थर नंतर चढवतो, म्हणून इस्त्री मधे येते.

मॅटच्या बाकीच्या खोडी. ओल लागली की मेंढरांचा वास येतो. कोरडी इस्त्री वापरली तर जवळजवळ येत नाही. सुरुवातीला बारीक केस सुटतात, काळ्या कापडावर दिसतात. कपडे झाडायचा ब्रश फिरवला की काम होतं, पुढे कमी होतात. उष्णता आणि ओल खाली उतरते, म्हणून पॉलिशच्या टेबलावर ती थेट ठेवू नका. खाली प्लायवूडचा तुकडा किंवा कॉर्क घ्या. खळ तिच्यावर कधीच फवारू नका. खळ लोकरीत मुरते, भाजून तपकिरी होते आणि पुढच्या पांढऱ्या तुकड्यावर उतरते. कापडाला खळ द्यायची तर कापायच्या आधी, दुसरीकडे, वाळवून. खळ दिलेल्या कापडाच्या उरेब कडाही सहज ताणत नाहीत, ते मी मनापासून सुचवेन.

पावसाळा हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. लोकर हवेतली ओल पिते, आणि अंधारात घडी करून ठेवली की कसर लागते. डांबराच्या गोळ्या मी मॅटजवळ ठेवत नाही, कारण नंतर त्याच मॅटवर गरम इस्त्री पडते आणि तो वास बाळाच्या दुपट्यात जातो. जून ते सप्टेंबर ती उघड्यावर, टेबलावरच असते, रोज इस्त्री लागते तेवढ्याने कोरडी राहते. काम नसेल तेव्हा ऊन पडलं की दोन्ही बाजू उन्हात, मग सुती पिशवीत सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्याबरोबर.

आकाराबद्दल. 14 इंचात सहा, आठ, बारा इंचांचे ब्लॉक आरामात बसतात. ओळी जोडायला लागल्यावर मात्र बाकीचं कापड टेबलाखाली लोंबतं आणि त्याच्या वजनाने शिवण ताणली जाते. तेव्हा मॅटच्या चारी बाजूंना पुठ्ठे किंवा पुस्तकं तितक्याच उंचीला लावून सगळी ओळ सपाट ठेवायची, किंवा मोठी मॅट घ्यायची. मोठी घेणार असाल तर आधी टेबल मोजा. मला विचाराल तर पहिली मॅट लहानच घ्या आणि ती मशीनच्या डाव्या हाताला ठेवा, म्हणजे शिलाई झाली की उठावं लागत नाही. उठायचा कंटाळा आला की माणूस पाच-सहा शिवणी एकदम साठवतो आणि न दाबलेल्या शिवणीवर दुसरी शिवण घालतो. त्या घड्या मग कुठल्याच इस्त्रीने निघत नाहीत. पुढची मॅट मी घेईन ती सतरा बाय चोवीसची, फक्त ओळींसाठी, आणि घेताना त्याच चार केसांना काडी लावून बघेन.